मोजमापाचे स्वातंत्र्य
(ग्रंथालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाची संहिता)



होळकरांच्या या इंदूर नगरीत मराठी वाचकांच्या चार-पाच पिढ्यांनी सांभाळलेल्या ग्रंथालयाच्या शताब्दीत बोलण्याचा मान आपण मला दिलात, याबद्दल मी आपला ऋणी आहे. महाराष्ट्रापासून दूर असलेल्या मराठी समाजासाठी ग्रंथालय ही केवळ पुस्तकांची खोली नसते. वर्गणीदार बदलतात, कार्यकारी मंडळे बदलतात, संस्थानी राजवट जाऊन लोकशाही येते. परंतु दाखल नोंदवहीतला पहिला क्रमांक पहिलाच राहतो. ही सातत्याने राखलेली नोंद हेच अशा संस्थेचे खरे धन होय.

संयोजकांनी विषयाचे स्वातंत्र्य दिले, तेव्हा मी हवामानाचे विज्ञान आणि त्यातील राजसत्तेचा हस्तक्षेप हा विषय निवडला. ग्रंथालयाच्या उत्सवात तो काहीसा परका वाटेल. परंतु या विषयाच्या मुळाशी असलेला प्रश्न नोंदीचाच आहे. नोंद कोणी ठेवायची, ती कोणी वाचायची, आणि ती गैरसोयीची ठरली तर तिच्यात खाडाखोड करण्याचा अधिकार कोणाला आहे का, हा तो प्रश्न. याची सर्वांत ठळक उदाहरणे अमेरिका आणि कॅनडा या देशांत घडली. ती आपल्यापासून दूरची असली तरी त्यांचे परिणाम दूरचे नाहीत.

प्रथम या शास्त्राचा पाया थोडक्यात सांगतो. हवेतील काही वायू उष्णता अडवून धरतात, हे आयर्लंडमध्ये जन्मलेल्या जॉन टिंडल या शास्त्रज्ञाने १८५९ साली सुरू केलेल्या प्रयोगांतून सिद्ध केले. १८९६ मध्ये स्वीडनच्या स्वांते अर्हेनियस यांनी कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण दुप्पट झाल्यास पृथ्वीचे तापमान किती वाढेल, याचे गणित कागद-पेन्सिलीने मांडले. म्हणजे हे शास्त्र काल-परवाचे नाही, आणि कोणा एका पक्षाने किंवा चळवळीने ते निर्माण केलेले नाही.

उणीव होती ती प्रत्यक्ष मोजणीची. ती चार्ल्स डेव्हिड कीलिंग या रसायनशास्त्रज्ञाने भरून काढली. हवाई बेटांतील मौना लोआ या ज्वालामुखीच्या उतारावर, सुमारे ३,४०० मीटर उंचीवर, त्यांनी मार्च १९५८ मध्ये हवेतील कार्बन डायऑक्साइड मोजण्यास प्रारंभ केला. त्या वेळी हवेच्या दर दशलक्ष भागांत हा वायू सुमारे ३१५ भाग होता. २०२४ ची वार्षिक सरासरी ४२४ भागांच्या पुढे गेली. या दोन आकड्यांच्या मध्ये सहा दशकांहून अधिक काळची नोंद आहे. ती अखंड मात्र नाही. १९६४ साली सरकारी निधीत कपात झाल्यामुळे काही आठवडे मोजणी थांबली, आणि ती रिकामी जागा आजही आलेखात दिसते. २०२२ च्या नोव्हेंबरात ज्वालामुखीचा उद्रेक होऊन वेधशाळेचा रस्ता लाव्हाखाली गेला, तेव्हा शास्त्रज्ञांनी शेजारच्या मौना केआ शिखरावर उपकरणे नेऊन काही दिवसांतच मोजणी पुन्हा सुरू केली. ज्वालामुखीने पाडलेला खंड इतक्या लवकर भरून निघाला. अंदाजपत्रकाने पाडलेला खंड मात्र आजवर भरून निघालेला नाही.

राजसत्तेने मोजणीशी कसे वागावे याचे एक चांगले उदाहरण आपल्या मराठी मुलुखातच आहे. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी घेतल्या जात. विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार असे ठरले. विजेच्या प्रवाहाने सूक्ष्म चुंबकीय नोंदी बिघडणार, हे उघड होते. वेधशाळेचे संचालक नानाभाई मूस यांच्या देखरेखीखाली चुंबकीय निरीक्षणे अलिबागला हलविण्यात आली. तेथील इमारतीसाठी चुंबकीय गुण नसलेला पोरबंदरचा दगड आणला. शिवाय जुन्या-नव्या नोंदींचा सांधा नीट जुळावा म्हणून १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षे कुलाबा आणि अलिबाग या दोन्ही ठिकाणी एकाच वेळी मोजणी चालू ठेवली. ते सरकार परकीय होते आणि त्याच्या दोषांविषयी निराळे सांगावयास नको. परंतु येथे ट्राम हवी होती म्हणून कोणी आकडे बदलले नाहीत. आकडे निर्दोष राहावेत म्हणून वेधशाळा हलविली. राज्यकर्ते आणि मोजमाप यांच्यातील योग्य नाते यापेक्षा सोप्या रीतीने मला सांगता येणार नाही.

धोरण कोणते असावे हे ठरविण्याचा अधिकार निवडून आलेल्या राज्यकर्त्यांचाच आहे. कोळसा किती जाळावा, सौरऊर्जेला किती अनुदान द्यावे, उद्योगांवर किती बंधने घालावीत, हे निर्णय शास्त्रज्ञांनी एकट्याने घेण्याचे नव्हेत. शास्त्रज्ञाचा सल्ला ऐकून घेऊन, इतर बाजू पाहून, एखाद्या सरकारने तो मानला नाही तर त्याला आपण चुकीचे धोरण म्हणू शकतो. हस्तक्षेप म्हणू शकत नाही. तो सल्लाच बदलला, सल्ला देणाऱ्याचे तोंड बंद केले किंवा ज्याच्या आधारे सल्ला दिला जातो ती मोजणीच थांबविली, म्हणजे हस्तक्षेप सुरू होतो. हे तीनही प्रकार गेल्या तीन-चार दशकांत घडले आहेत.

पहिला प्रकार मजकुराच्या फेरफाराचा. नासा या संस्थेतील जेम्स हॅन्सन यांनी २३ जून १९८८ रोजी अमेरिकन सिनेटच्या समितीपुढे साक्ष देऊन सांगितले की, पृथ्वी तापते आहे याविषयी आपल्याला ९९ टक्के खात्री आहे. ती साक्ष जगभर गाजली. पुढच्याच वर्षी, मे १९८९ मध्ये, ते पुन्हा साक्षीला गेले, तेव्हा त्यांचे लेखी निवेदन अध्यक्षांच्या अंदाजपत्रक कार्यालयाने आधी तपासले होते. हवामानबदलात मानवाचा वाटा किती हे शास्त्राला अज्ञात आहे, अशा आशयाचा मजकूर त्यात घालण्यात आला होता. हॅन्सन यांनी तो मजकूर आपला नसल्याचे समितीपुढे उघडपणे सांगितले. एका शास्त्रज्ञाच्या नावाखाली त्याच्या मताविरुद्धचे वाक्य सरकारी कार्यालयाने लिहावे, हा प्रकार तेव्हा सिनेटरांनाही धक्का देऊन गेला.

दुसरे उदाहरण अधिक सूक्ष्म आहे आणि भाषेवर प्रेम करणाऱ्यांनी मुद्दाम लक्षात ठेवावे असे आहे. २००२-०३ च्या सुमारास व्हाइट हाउसच्या पर्यावरणविषयक मंडळात फिलिप कूनी नावाचे अधिकारी होते. ते वकील होते; विज्ञानाचे शिक्षण त्यांनी घेतलेले नव्हते. त्यापूर्वी ते तेल उत्पादकांच्या राष्ट्रीय संघटनेत काम करीत. हवामानविषयक सरकारी अहवालांच्या मसुद्यांवर त्यांनी स्वहस्ते दुरुस्त्या केल्या. या दुरुस्त्यांत मोठी खाडाखोड क्वचितच होती. एखाद्या कारणाचा निर्णय करणे ‘कठीण’ आहे असे असेल तेथे ‘अत्यंत’ हे विशेषण घालायचे, ‘अनिश्चितता’ या शब्दामागे तिचे वजन वाढविणारे दोन शब्द जोडायचे, बर्फ वितळण्याच्या परिणामांविषयीचा परिच्छेद अटकळबाजी म्हणून काढून टाकायचा, अशी त्यांची रीत. वाक्य व्याकरणशुद्ध राहते, आकडाही बदलत नाही. परंतु वाचणाऱ्याच्या मनावरचा ठसा पूर्णपणे बदलतो. त्या कार्यक्रमात काम करणाऱ्या रिक पिल्ट्झ यांनी राजीनामा देऊन ही कागदपत्रे उजेडात आणली. जून २००५ मध्ये ती न्यूयॉर्क टाइम्समध्ये छापून आली. कूनी यांनी दोन-तीन दिवसांत पद सोडले आणि लवकरच एक्झॉनमोबिल या तेल कंपनीत त्यांची नेमणूक झाली.

याच काळात, २००३ साली, अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने देशाच्या पर्यावरणस्थितीचा अहवाल तयार केला. त्यातील हवामानबदलाच्या भागात वरून इतके फेरफार सुचविण्यात आले की, चुकीचे छापण्यापेक्षा काहीच न छापणे बरे असे ठरवून संस्थेने तो भागच वगळला. शब्दांचे हे राजकारण किती जाणीवपूर्वक होते, हे २००२ च्या एका सल्लापत्रावरून दिसते. राजकीय सल्लागार फ्रँक लुंट्झ यांनी आपल्या पक्षाच्या नेत्यांना सुचविले होते की, ‘जागतिक तापमानवाढ’ याऐवजी ‘हवामानबदल’ हा सौम्य शब्द वापरावा आणि शास्त्रज्ञांमध्ये अजून एकमत नाही ही गोष्ट सतत पुढे ठेवावी. २०१९ मध्ये याच लुंट्झ यांनी सिनेटच्या समितीपुढे आपला तो सल्ला चुकीचा होता असे मान्य केले. मधली सतरा वर्षे मात्र कोणालाही परत आणता आली नाहीत.

दुसरा प्रकार माणसांचा. २००१ साली एक्झॉनमोबिलच्या प्रतिनिधीने व्हाइट हाउसला पाठविलेल्या एका टिपणात, हवामानबदलावरील आंतरसरकारी मंडळाचे अध्यक्ष रॉबर्ट वॉटसन यांना दूर करता येईल का, अशी विचारणा होती. एप्रिल २००२ मध्ये अमेरिकेने वॉटसन यांना पाठिंबा दिला नाही आणि आपल्या देशाचे राजेंद्र पचौरी अध्यक्ष म्हणून निवडून आले. पचौरी तेल उद्योगाला सोयीचे ठरतील असा अनेकांचा कयास होता. अमेरिकेचे माजी उपाध्यक्ष अल गोर यांनी त्यांच्यावर जाहीर टीकाही केली. पुढे घडले ते उलटे. पचौरी यांच्या कारकिर्दीत मंडळाचा २००७ चा अहवाल पूर्वीपेक्षा अधिक निःसंदिग्ध निघाला आणि त्याच वर्षीचे शांततेचे नोबेल पारितोषिक मंडळ आणि अल गोर यांना विभागून मिळाले. अध्यक्ष बदलला तरी हजारो शास्त्रज्ञांची नोंद बदलत नाही, हा यातला धडा आहे.

स्वतः हॅन्सन यांनाही दुसऱ्यांदा हा अनुभव आला. डिसेंबर २००५ मध्ये त्यांनी एका परिषदेत उत्सर्जन तातडीने कमी करण्याविषयी भाषण केले. त्यानंतर त्यांची व्याख्याने, लेख आणि मुलाखती प्रसिद्धी खात्याने आधी तपासाव्यात, असे आदेश निघाले. जानेवारी २००६ मध्ये हे वृत्त प्रसिद्ध झाल्यावर नासाच्या प्रमुखांना शास्त्रज्ञांच्या मोकळेपणाची ग्वाही द्यावी लागली. परंतु त्याच वर्षी नासाच्या ध्येयवाक्यातून आपल्या पृथ्वीला समजून घेणे आणि तिचे रक्षण करणे या आशयाचे शब्द गाजावाजा न करता गाळण्यात आले.

तिसरा प्रकार मोजणी आणि तिची कागदपत्रेच नाहीशी करण्याचा. येथे आपल्याला कॅनडाकडे वळावे लागते, आणि येथे ग्रंथालयांचा थेट संबंध येतो. २००७ पासून तेथील पर्यावरण खात्याच्या शास्त्रज्ञांना पत्रकारांशी बोलण्यापूर्वी वरिष्ठांची परवानगी घेणे बंधनकारक झाले. १० जुलै २०१२ रोजी पांढरे डगले घातलेल्या शास्त्रज्ञांनी राजधानी ओटावात ‘पुराव्याची अंत्ययात्रा’ काढली. त्यानंतरच्या काळात मत्स्य आणि सागर खात्याची बहुतेक प्रादेशिक ग्रंथालये बंद करून संग्रह एकत्र करण्याचा निर्णय अमलात आला. विनिपेग येथील गोड्या पाण्याच्या संशोधन संस्थेचे आणि सेंट अँड्र्यूज येथील जुन्या जीवशास्त्रीय केंद्राचे ग्रंथालय त्यांत होते. सरकारचे म्हणणे असे की, महत्त्वाचे साहित्य संगणकावर घेतले आहे आणि केवळ जादा प्रती काढल्या आहेत. शास्त्रज्ञांचे म्हणणे असे की, कित्येक दशकांचे स्थानिक अहवाल कोठे गेले याची धड यादीही उरली नाही.

ग्रंथालय चालविणाऱ्यांना या वादातील मर्म लगेच कळेल. आपणही पुस्तके बाद करतो. जागा अपुरी असते, वाळवी लागते, प्रती फाटतात. परंतु बाद केलेल्या प्रत्येक पुस्तकाचा क्रमांक, कारण आणि मंजुरी आपण लिहून ठेवतो. नोंद करून बाद केलेले पुस्तक आणि नोंदीशिवाय नाहीसे झालेले पुस्तक यांत जो फरक आहे, तोच विज्ञानातील दुरुस्ती आणि राजकीय खाडाखोड यांत आहे.

विज्ञानातही चुका होतात, आणि त्यातील एक मोठी चूक आपल्या हिमालयाविषयीच झाली. पचौरी यांच्याच अध्यक्षतेखालील २००७ च्या अहवालात हिमालयातील हिमनद्या २०३५ पर्यंत नाहीशा होण्याची दाट शक्यता आहे, असे एक विधान शिरले. त्याला भक्कम शास्त्रीय आधार नव्हता. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे माजी अधिकारी विजयकुमार रैना यांचा वेगळा निष्कर्ष मांडणारा निबंध तत्कालीन पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी नोव्हेंबर २००९ मध्ये प्रसिद्ध केला. पचौरी यांनी तो प्रथम फेटाळला. परंतु जानेवारी २०१० मध्ये मंडळाने चूक जाहीरपणे मान्य केली, आणि पुढे विज्ञान अकादमींच्या आंतरराष्ट्रीय परिषदेकडून आपल्या कार्यपद्धतीची तपासणी करून घेतली. येथेही एक मंत्री शास्त्रीय वादात उतरला होता. पण त्याने पुढे आणलेला निबंध लेखकाच्या नावासह, सर्वांना तपासता येईल असा होता. त्याने कोणाच्या मसुद्यात रात्री विशेषणे घातली नाहीत. म्हणून त्याला मी हस्तक्षेप म्हणणार नाही. हिमनद्या वितळत आहेत हे शास्त्र त्या दुरुस्तीने खोटे ठरले नाही. उलट ते अधिक अचूक झाले.

या सर्व कहाणीत कोणी एक विचारसरणी जन्मतः विज्ञानाची वैरी आहे, असे मात्र समजू नये. ब्रिटनच्या पंतप्रधान मार्गारेट थॅचर या पुराणमतवादी पक्षाच्या आणि शिक्षणाने रसायनशास्त्रज्ञ. सप्टेंबर १९८८ मध्ये रॉयल सोसायटीपुढे आणि पुढच्या वर्षी संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेपुढे त्यांनी या संकटाचा गांभीर्याने उल्लेख केला, आणि १९९० मध्ये हवामान संशोधनाच्या हॅडली केंद्राचे उद्घाटनही केले. देशाच्या हवामानाचा आढावा ठरावीक मुदतीने घेतलाच पाहिजे, असा अमेरिकेतील १९९० चा कायदा थोरले जॉर्ज बुश यांच्याच स्वाक्षरीने झाला. तेव्हा प्रश्न डाव्या-उजव्याचा नाही. नोंद गैरसोयीची झाल्यावर राज्यकर्ता काय करतो, याचा आहे.

आता अक्षय ऊर्जेकडे वळू. मोजणीत ढवळाढवळ झाली की त्याचा पहिला परिणाम भोगावा लागतो तो येथे, कारण जे संकट अनिश्चित म्हणून रंगविले जाते, त्याच्यावरील उपायही अनावश्यक ठरविता येतो.

२० जून १९७९ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष जिमी कार्टर यांनी व्हाइट हाउसच्या छपरावर पाणी तापविणारी ३२ सौर तावदाने बसविली. त्या समारंभात त्यांनी सांगितले होते की, काही वर्षांनी ही तावदाने एक तर संग्रहालयातील कुतूहलाची वस्तू आणि न चोखाळलेल्या वाटेची खूण ठरतील, नाही तर एका मोठ्या राष्ट्रीय साहसाचा लहानसा आरंभ ठरतील. १९८१ मध्ये रोनाल्ड रेगन अध्यक्ष झाल्यावर कोलोरॅडोतील सौरऊर्जा संशोधन संस्थेचा निधी मोठ्या प्रमाणावर कापला गेला आणि तिचे संचालक डेनिस हेज यांना पदावरून दूर करण्यात आले. १९८६ मध्ये छपराच्या दुरुस्तीसाठी तावदाने उतरविली, ती पुन्हा बसविली नाहीत. त्यांतील एक आज खरोखरच वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे, आणि एक चीनमधील देझोऊ येथील सौरऊर्जेच्या संग्रहालयात पोहोचले. सौर विद्युतघट अमेरिकेच्या बेल प्रयोगशाळेत १९५४ साली जन्मला. आज सौर पट्ट्यांच्या उत्पादनातील प्रत्येक टप्प्यात चीनचा वाटा ऐंशी टक्क्यांहून अधिक आहे. तंत्रज्ञान कोणाच्या रुसव्यासाठी थांबत नाही. ते दुसऱ्याच्या अंगणात वाढते.

ही कथा केवळ भूतकाळातली नाही. पॅरिस करारातून अमेरिका २०२० मध्ये बाहेर पडली, २०२१ मध्ये परत आली, आणि जानेवारी २०२५ मध्ये पुन्हा बाहेर पडण्याचा आदेश निघाला. हे धोरण आहे, आणि ते चुकीचे मानले तरी तो राज्यकर्त्यांचा अधिकार आहे. परंतु त्याच वर्षी आणखीही काही घडले. एप्रिलमध्ये सहाव्या राष्ट्रीय हवामान आढाव्यावर काम करणाऱ्या शेकडो लेखकांना मुक्त करण्यात आले. जूनअखेरीस आधीचे पाचही आढावे ज्या सरकारी संकेतस्थळावर होते, ते बंद झाले. पुढील वर्षाच्या अंदाजपत्रकी प्रस्तावात मौना लोआच्या मोजणीचा निधीही काढून घेण्याची तरतूद होती. जुलैत ऊर्जा खात्याने पाच निवडक लेखकांकडून एक अहवाल काढला. त्याला ८५ हून अधिक तज्ज्ञांनी ४०० पेक्षा जास्त पानांचे उत्तर दिले. ऑगस्टमध्ये ऱ्होड आयलंडच्या किनाऱ्याजवळ सुमारे ऐंशी टक्के पूर्ण झालेल्या पवनऊर्जा प्रकल्पाचे काम सरकारी आदेशाने थांबविण्यात आले. सप्टेंबरात न्यायालयाने ते पुन्हा सुरू करू दिले. आणि डिसेंबरात, हेज यांच्या त्या सौर संस्थेचीच वारस असलेल्या राष्ट्रीय अक्षय ऊर्जा प्रयोगशाळेच्या नावातून ‘अक्षय ऊर्जा’ हे शब्द काढून तिला रॉकी पर्वताचे नाव देण्यात आले. १९८९ मध्ये एका साक्षीतील परिच्छेद बदलला होता. आता संस्थेच्या पाटीवरील शब्द बदलले.

हे ऐकून आपल्याकडे सारे आलबेल आहे, असे समाधान कोणी मानू नये. जून २०२५ अखेर भारताच्या वीजनिर्मिती क्षमतेपैकी निम्मी क्षमता जीवाश्म इंधनाशिवायची झाली. २०३० चे उद्दिष्ट पाच वर्षे आधी गाठले. ही अभिमानाची गोष्ट आहे. परंतु क्षमता आणि प्रत्यक्ष निर्मिती यांत अंतर असते. सूर्य रात्री नसतो, वारा रोज सारखा नसतो. त्यामुळे प्रत्यक्ष वापरातील विजेचा सत्तर टक्क्यांहून अधिक भाग अद्याप कोळशाचाच आहे. पहिला आकडा मोठ्या अक्षरांत आणि दुसरा लहान अक्षरांत छापणे, हीसुद्धा विशेषण घालण्याचीच एक रीत आहे. जागरूक वाचकाने दोन्ही आकडे शेजारी ठेवून वाचले पाहिजेत.

आपल्या शहराचेच पाहा. जलूदहून सुमारे सत्तर किलोमीटर अंतरावरून नर्मदेचे पाणी माळव्याच्या पठारावर चढविले जाते, आणि त्याच्या विजेचे देयक हा महापालिकेच्या खर्चातला मोठा भार आहे. त्यासाठी ६० मेगावॅटचा सौर प्रकल्प उभारण्याकरिता इंदूर महापालिकेने फेब्रुवारी २०२३ मध्ये २४४ कोटी रुपयांचे हरित रोखे काढले आणि ते सामान्य गुंतवणूकदारांसाठीही खुले ठेवले. मागणी तिपटीच्या जवळ आली. आपल्या नळाच्या पाण्यात सूर्याचा वाटा किती, हे विचारण्याचा अधिकार आता नागरिक म्हणून आणि कदाचित रोखेधारक म्हणूनही आपणांस आहे. हा प्रश्न दरवर्षी विचारावा आणि त्याचे उत्तर दरवर्षी लिहून ठेवावे. प्रकल्पाच्या उद्घाटनाची कोनशिला सर्व ठेवतात. त्याने दरसाल किती वीज दिली, याची वही ठेवणारे थोडे.

शेवटी ग्रंथालयांनी काय केले, तेही सांगितले पाहिजे. कॅनडातील अनुभव ताजा असल्यामुळे डिसेंबर २०१६ मध्ये टोरांटो विद्यापीठात अनेक मंडळी जमली आणि अमेरिकेच्या सरकारी संकेतस्थळांवरील हवामानविषयक माहितीच्या प्रती काढू लागली. लगेच पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील ग्रंथपाल आणि अभ्यासकांनी असाच उपक्रम हाती घेतला, आणि तो अनेक शहरांत पसरला. नुसती प्रत काढून भागत नाही. ती कोठून घेतली, कोणत्या दिवशी घेतली, मूळ मजकुराशी जुळते का, हे लिहून ठेवावे लागते. नाही तर पुढे तिच्यावर कोणी विश्वास ठेवणार नाही. हे काम शास्त्रज्ञांना ग्रंथपालांनी शिकविले. म्हणूनच २०२५ मध्ये संकेतस्थळ बंद पडले, तरी ते आढावे जगातून नाहीसे झाले नाहीत. अन्यत्र जपलेल्या त्यांच्या प्रती आजही वाचता येतात.

आपले ग्रंथालय लहान आहे. हवाई बेटांतील मोजणी आपण चालवू शकत नाही. परंतु एक काम आपल्या आवाक्यातले आहे. या शहराचा पाऊस, विहिरींची पातळी, उन्हाळ्यातील तापमान, महापालिकेचे पर्यावरण अहवाल, पाणीपुरवठ्याच्या विजेचे आकडे, हे सारे दरवर्षी मिळवून, दाखल नोंदवहीत क्रमांक देऊन, एका कपाटात ठेवावे. शताब्दीनिमित्त आश्रयदात्यांनी दिलेल्या निधीतून असे एक कपाट उभे राहिले, तर पुढच्या शतकातील सभासद आपले आभार मानतील. त्या कागदांवरून त्या वेळचे राज्यकर्ते काय धोरण ठरवतील, ते आपल्या हाती नाही. पण धोरण ठरविताना त्यांच्यापुढे खरा आकडा असेल, एवढी व्यवस्था आपण करू शकतो.